बॅटरीबाईंचा विमानप्रवास

२७ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत मोझेस लेक इथे ‘ॲलिस’ नावाचं विजेवरचं विमान उडालं. आठ मिनिटं हवेत राहिलं आणि सुखरूप उतरलं. आठ मिनिटांत आमच्याकडे चहासुद्धा होत नाही, त्यामुळे हसण्याचा हक्क आम्हाला नाही.

ॲलिसमध्ये नऊ प्रवासी बसायचे होते. दहाव्या बॅटरीबाई. वजन साडेतीन टनांच्या वर, आणि अख्ख्या विमानाची मर्यादा सव्वाआठ टनांच्या आसपास! निम्म्याला थोडं कमी विमान बाईंनीच अडवलेलं, तेही बिनतिकीट.

बाईंचा तरी काय दोष? किलोभर विमान-इंधनात बारा युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम पाव युनिट. मोटर काटकसरी, इंजिन उधळं, ही सूट दिली तरी फरक पंधरा-वीस पटींचा उरतो. त्यातून इंधन म्हणजे प्रवासातला डबा. खात गेलं की हलका होतो. बाई म्हणजे पाटा-वरवंटा. मसाला वाटून संपला तरी पाटा तेवढाच जड, आणि उतरताना चाकांवर सगळाच्या सगळा भार.

स्वीडनच्या हार्ट एरोस्पेसनं आधी १९ आसनं आणि ४०० किलोमीटरचा वायदा केला. २०२२ मध्ये आसनं ३० झाली, निव्वळ बॅटरीवरची मजल २०० किलोमीटरवर आली आणि सोबतीला इंधनावर चालणारे जनरेटर आले. लिफ्ट अडकू नये म्हणून सोसायटीत ठेवतात, तसे. नासाच्या ‘एक्स-५७’नं तर २०२३ मध्ये एकदाही न उडता निवृत्ती घेतली. ॲलिसचंही काम २०२५ च्या सुरुवातीला थांबलं.

नॉर्वेला २०४० पर्यंत देशातली छोटी उड्डाणं विजेवर न्यायची आहेत. ते मात्र जमेलही. तिथे फियॉर्डच्या या काठावरून त्या काठावर जायचं असतं. तेवढं अंतर बाईंना झेपतं. मुंबई-लंडन विजेवर नेऊ म्हणणाऱ्यानं आधी बाईंना एक वेगळं विमान करून द्यावं.

आणि विजेवर उडण्याचं युरोपीय प्रमाणपत्र सगळ्यात आधी, २०२० मध्ये, मिळवलं ते स्लोव्हेनियाच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’नं. उड्डाण साधारण पन्नास मिनिटांचं, आसनं दोन. एक शिकणाऱ्याचं, एक शिकवणाऱ्याचं.