गोळ्याला लॉट नंबर, जखमेला सर्टिफिकेट

जबलपूरला खमरियात दारूगोळा कारखाना आहे. तोफगोळा कुठल्याही देशाचा असो, त्याची कागदपत्रं चोख असतात. लॉट नंबर, साल, तपासणीचा शिक्का, सगळं जागच्या जागी. तो कुणाच्या अंगणात पडला, याचा पुरावा मात्र अंगणवाल्याने जमवायचा. मोबाइलवर, जीव वाचला तर.

बरं, नुसता व्हिडिओ नेऊन भागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 सोबत प्रमाणपत्र मागतं. अर्धं तुम्ही भरायचं, अर्धं तज्ज्ञाने, वर फाइलची हॅश व्हॅल्यू. बनावट चित्रफितींच्या दिवसांत हे हवंच, मान्य. पण घर पेटलेलं असताना तज्ज्ञ कुठल्या गल्लीत शोधायचा?

हे सर्टिफिकेट जुन्या कायद्यातही होतंच, त्याचा दरारा वाढवला तो आपल्या जालन्याने. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांनी अर्ज वेळेत भरला होता का, हा वाद. पुरावा निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्यांचा. तरी अधिकारी प्रमाणपत्र देईनात. प्रमाणपत्र सक्तीचंच, पण गोरंट्यालांना खटपट करूनही मिळालं नाही म्हणून सवलत, असं सुप्रीम कोर्टाने 14 जुलै 2020 ला सांगितलं. तोवर ती विधानसभा संपून गोरंट्याल 2019 ला मतदारांच्या सर्टिफिकेटवर परत आमदार झालेले! माजी आमदाराची ही दमछाक, मग मदत छावणीत राहणाऱ्या बाईने काय करायचं?

मणिपूरचंच घ्या. तिथल्या हिंसाचारात दोन महिलांची धिंड निघाली 4 मे 2023 ला, गुन्हा नोंदला गेला 18 मे ला. राज्यात इंटरनेट बंद, कागद ठाण्यात गाढ झोपलेला. 19 जुलैला व्हिडिओ बाहेर आला आणि दुसऱ्याच दिवशी पहिली अटक झाली. लगोलग समाजमाध्यमांना तो हटवायचा आदेशही गेला. पीडितांची ओळख झाकायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण सरकारला कागद दोन महिने दिसला नाही, व्हिडिओ एका दिवसात दिसला.

समाजमाध्यमांच्या कंपन्याही कमी नाहीत. 2017 साली यूट्यूबच्या यंत्राने दहशतवादी मजकूर झाडताना सीरियातल्या युद्धाचे पुरावेही झाडून टाकले.

पुन्हा जबलपूरकडे येऊ. त्या नावाचा एक खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टात दादच मागता येणार नाही, असा निकाल 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक मतांनी लागला. तो 2017 मध्ये मोडीत निघाला. आता दाद मागता येते. येताना पेन ड्राइव्ह आणि तज्ज्ञ तेवढे आणायचे.

तेव्हा, अत्याचाराचं असं काही तुमच्या फोनमध्ये टिपलं गेलंच तर आधी ग्रुपवर ढकलू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो, वेळ-ठिकाणाची माहिती गळते. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा, कापू नका, वर गाणं चढवू नका. एक प्रत भरवशाच्या वकिलाकडे द्या, आणि तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नका.