सुभेदारांची पोस्ट

"आक्का, काल आण्णांच्या तेराव्याहून तुम्ही लवकर उठलात. खरी मजा तुमच्यामागं झाली."

"तेराव्याला कसली गं मजा?"

"काकूंच्या नात्यातले ते पांढऱ्या टोपीवाले भाषणाला उभे राहिले. शूर काय, रणधुरंधर काय, थांबेचनात. शेवटी काकूच म्हणाल्या, 'दाजी, ते भाकऱ्या थापायचे तेही सांगा की.' सगळा मांडव गप्प."

"घ्या! आणि मी नेमकी नव्हते."

"हसायचं होतं त्यांनी पूर्वीच हसून घेतलेलं. तुम्हीसुद्धा, आक्का. उगी नाही म्हणू नका."

"हसले की. एवढी मिशी, जंगी पलटणीचा सुभेदार, आणि पेन्शनीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं! मी म्हटलंसुद्धा, आण्णा, हे काय? तर म्हणाले, अठ्ठावीस वर्षं हिनं एकटीनं पोस्ट सांभाळली, आता गार्ड बदलली. खरंच होतं गं ते. थोरला झाला तेव्हा तार गेली सरहद्दीवर; रजा मिळून घरी येईतो पोरगं पालथं पडायला लागलेलं. बापाला बघून असं रडलं!"

"मी बघितलंय त्यांना थापताना. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असायची ना, ते आधी काढून खुंटीला. मग काटवटीत ज्वारीचं पीठ, गरम पाणी, आणि तळव्यानं असं रगडायचे की बघत राहावं. थापताना कडेला जरा चीर गेली की भाकरी मोडून पुन्हा गोळा. तव्यावर तसली जायचीच नाही."

"आणि सुनेचे डबे? उंचीप्रमाणं ओळीत उभे. ती बिचारी म्हणायची, आत्याबाई परवडल्या, पण मामंजींचं इन्स्पेक्शन नको."

"ते पाकिटातल्या गोळीचं खरं होतं का हो? का आपलं रंगवून सांगायचे?"

"खरं म्हंजे? पुस्तकांत आलंय. १९७१ चा डिसेंबर, जमालपूर. आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी चिठ्ठी धाडली, वेढलेले आहात, शरण या. मुक्तिवाहिनीचा माणूस जीव मुठीत धरून घेऊन गेला. पलीकडं ३१ बलुच. त्यांच्या कर्नलनं, सुलतान अहमदनं, उत्तराबरोबर बंदुकीची गोळीच पाठवून दिली. आणि १० तारखेच्या रात्री तेच लोक अंधारातनं निसटायला निघाले, तर आण्णांची पहिली मराठा नदी ओलांडून मागं वाटेवर दबा धरून बसलेली! पहाटेपर्यंत धुमश्चक्री."

"आण्णा विशीतले असतील."

"मिसरूड फुटलेलं. पण त्यांच्या सांगण्यात लढाई कमी आणि चालणं जास्त. ओले बूट, ओले मोजे, पायाच्या बोटांमध्ये चिखल. ११ तारखेला टांगाईलला विमानांतून छत्र्या उतरल्या, ती दुसरी पॅरा. तीही मूळची मराठाच पलटण. हे सांगताना मात्र छाती फुगायची. वरून उतरले ते आपले आणि खालनं चालत गेले तेही आपले, म्हणायचे. १६ ला ढाका."

"दर १६ डिसेंबरला 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' लावून दारात बसायचे. आमच्या बंड्यानं एकदा विचारलं, आजोबा, तुम्ही किती मारले? म्हणाले, मोजायला हवालदार होता. तू तेराचा पाढा म्हण."

"आला का त्याला?"

"छे! तेव्हापासनं १६ डिसेंबरला तो त्या बोळानं जात नाही."

"कँटीनची रम कुठं जायची, ठाऊक आहे? आण्णा तर शिवत नव्हते."

"आमच्याकडं सर्दीला दोन झाकणं यायची..."

"तुमच्या ह्यांना बारा महिने सर्दी."

"जाऊ द्या ते! काकूंच्या पेन्शनीचं काय झालं? माझ्या मावशीला दोन वर्षं नाचवलं होतं. सर्व्हिसच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं."

"इथं तसलं काही नाही. आण्णांनी जिवंतपणीच बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून लिहून नाव दुरुस्त करून घेतलं. पीपीओवर बरोबर, खातं दोघांच्या नावावर, फाइलवर मोठ्या अक्षरांत 'मी गेल्यावर उघडणे'. बाकीचे फोटोला हार घालतात. मला विचारशील तर त्या फाइलीला घालावा."

"पण सहीचं काय? काकूंचा उजवा हात तर लकव्यानं गेलेला."

"अगं, डाव्या हातानं सही शिकवली त्यांनी! दोन रेघी वही आणून, रोज संध्याकाळी एक पान. काकू चिडायच्या, मी काय रिक्रूट आहे का? हे म्हणायचे, रिक्रूट बरा, तो उलट बोलत नाही. पान भरल्याशिवाय सीरियल लावू द्यायचे नाहीत."

"आणि बँकेत चालली ती सही?"

"परवाच चालली. खिडकीतला पोरगा अंगठ्याचा पॅड पुढं सरकवत होता, तर काकूंनी त्याच्याच हातातलं पेन घेतलं."