निर्णय कार्यकर्ते घेतील

आमच्या मतदारसंघातले भाऊ विधानसभेला इच्छुक नाहीत. पत्रकारांनी विचारलं की हात जोडून म्हणतात, "माझं काही नाही. पक्ष आणि कार्यकर्ते ठरवतील ते." कार्यकर्त्यांनी ठरवून टाकलंय, म्हणून तर चौकाचौकात 'भावी आमदार' झळकतायत. फ्लेक्सवरचा कानाला मोबाइल लावलेला फोटो भाऊंनी स्टुडिओत जाऊन, तीन जाकिटं बदलून काढला. तोही कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातरच.

इच्छा नसण्याचे फायदे कायद्यातच आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे उमेदवाराचा खर्च मोजतात तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. विधानसभेला मर्यादा 40 लाखांची. अर्ज भरला की चहा-वडापावसुद्धा प्रशासनाच्या दरपत्रकानुसार वहीत चढतो. त्याआधीच्या अक्कलकोट-गाणगापूरच्या बसगाड्या, हळदीकुंकवाचे स्टीलचे डबे, दहीहंडीला आणलेली नटी, ही निव्वळ समाजसेवा! शिवाय अर्जासोबत शपथपत्र आलं, त्यात मालमत्ता आली, गुन्हे आले. ज्याला इच्छाच नाही, त्याचा सातबारा कोण कशाला विचारेल?

घाई केल्यावर काय होतं, हेही भाऊंनी पाहिलंय. राज ठाकरे यांनी 31 मे 2014 रोजी सोमय्या मैदानावर विधानसभा लढवण्याची घोषणा केली. मैदान दणाणलं. ऑक्टोबरात मतदान झालं, तेव्हा मतदानयंत्रावर ते नाव कुठेच नव्हतं. ठाकरे घराण्यातला पहिला उमेदवार दिसायला 2019 उजाडलं, वरळीत आदित्य ठाकरे उभे राहिले तेव्हा. भाऊंनी यातून एवढंच घेतलं: आधी 'नाही' म्हणून मग 'हो' म्हटलं तर तो त्याग. आधी 'हो' म्हणून मग 'नाही' म्हटलं तर ती माघार.

त्यामुळे एबी फॉर्म मिळालाच, तर भाऊ जनतेच्या रेट्यापुढे मान तुकवतील. नाहीच मिळाला, तर 10 हजारांची अनामत भरून अपक्ष उभे राहतील आणि फोन बंद करून बसतील. माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत श्रेष्ठींचा माणूस घरी येईल, बंद दाराआड चर्चा होईल आणि पक्षहितासाठी अर्ज मागे घेतला जाईल. अनामत परत मिळतेच.

भाऊंना सत्तेचा मोह नाही, हे मान्य करायला आमची ना नाही. फक्त पुढे त्यांनी महामंडळाच्या अध्यक्षपदालाही एकदा 'इच्छुक नाही' म्हणून दाखवावं. फ्लेक्सचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू.