तात्या आणि चार मिलिमीटर

साताऱ्याच्या सदर बझारातले आमचे तात्या कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. दार लावतात, उघडतात, पुन्हा लावतात आणि एक डोळा मिटून चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात किती फट राहिली ते बघतात. मग 'काय, बरं आहे ना सगळं?' असं विचारतात. रुखवतात मांडलेल्या कपाटाचं उजवं दार दोन मिलिमीटर खाली आल्याचं त्यांनी एकदा भर मांडवात वरमाईला सांगितलं होतं. एसटीच्या दाराबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नाहीत. तिथं मुळात फट आहे आणि तिला अधूनमधून दार लावलंय, असं त्यांचं मत आहे.

हे सगळं ज्या गाडीपायी झालं, ती त्यांच्या पोर्चमध्ये उभी आहे. स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, बिनटपाची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं ही गाडी १९६१ पासून आपल्याकडे काढली. अँबॅसेडर, फियाट आणि हेरल्ड, एवढ्यातच तेव्हा निवड संपायची. मूळची ती इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, १९५९ सालची, मिकेलोत्ती या इटालियन माणसानं काढलेल्या रूपाची. ट्रायम्फवाल्यांना अखंड बॉडी दाबून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीनं गिळला होता. मग त्यांनी खाली वेगळी चासी ठेवली आणि वर पुढचा तुकडा, मागचा तुकडा, बॉनेट, टप असं सगळं सुटं करून बोल्टांनी आवळलं. टपाचे बोल्ट काढले की गाडी उघडी. तात्यांनी ते काढले, त्याला आता बरीच वर्षं झाली. टप गच्चीवर उलटा पडलाय आणि उन्हाळ्यात काकू त्यात सांडगे वाळवतात.

बोल्ट काढताना कुणी सांगितलं नव्हतं, की टप नुसता पाऊस अडवत नाही, तो गाडीला ताठही ठेवतो. टप गेला की सगळा भार चासीवर येतो. साठीतली चासी मधे जराशी बसते. मधे बसली की दाराच्या वरची फट मिटते आणि खालची फाकते. दार वर घासतं, कडेचा रंग उडतो, आणि खालून बोट आत जातं. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरणाच्या भिंतीवरची ओल त्यांनी शांतपणे नोंदवहीत टिपलेली आहे. ही फट मात्र त्यांना सोसवेना. चारी बाजूंनी चार मिलिमीटर, ना कमी ना जास्त, असा त्यांनी पण केला. मोजायला फीलर गेज नको. चार मिलिमीटरची वेल्डिंगची कांडी घ्यायची, वरचं फ्लक्स ठोकून काढायचं आणि आतली तार फटीतून फिरवायची. ही कांडी सदऱ्याच्या खिशात असते. पूर्वी तिथं पेन असायचं.

साताऱ्यात गॅरेजं पुष्कळ आहेत, पण तात्यांचा विश्वास सांगलीच्या एका मिस्त्रीवर. मिरज रस्त्याला पत्र्याची शेड, आत अंधार, बाहेर चिंच. हा माणूस लांबी भरत नाही. पत्र्यावर लांबीचा थर चढवून फट बुजवणं ही तात्यांच्या लेखी दुधात पाणी घालण्याइतकीच भेसळ. मिस्त्री दोन्ही तुकड्यांच्या सांध्याचे बोल्ट ढिले करतो, बॉडी आणि चासीच्या मधे पत्र्याच्या चकत्यांचं पॅकिंग सरकवतो, आवळतो, दार लावतो, कान देतो. पुन्हा ढिले करतो. मिरजेचा तंबोरेवाला घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो, तेव्हा जसं हलकंच घासून, थांबून, ऐकून पुन्हा घासतो, तसलं हे काम. क्रमही ठरलेला: हलत नाही ते आधी, म्हणजे मागचा भाग, मग त्याला दार जुळवायचं, मग दाराला बॉनेट. तात्या हा क्रम स्तोत्रासारखा म्हणतात, आणि पुढून सुरुवात करणाऱ्या मेकॅनिकाच्या हातचा चहाही घेत नाहीत.

एकदा सगळं जमलं. चारी बाजूंनी कांडी सुळकन फिरली. मग दाराला नवं रबर बसवलं. रबर जाड निघालं आणि दार अर्धं बोट बाहेर आलं. 'रबर आधी लावायचं, मग दार बसवायचं,' असं मिस्त्री म्हणाला. तात्या म्हणाले, 'मग आधी का नाही बोललास?' मिस्त्री म्हणाला, 'तुमी बोलू दिलं तवा ना.' दोघं दोन महिने बोलत नव्हते. रबर तेवढ्यात आपोआप बसलं.

पण खरं भांडण रबराचं नव्हतं, जमिनीचं होतं. सांगलीत चार मिलिमीटर असलेली फट साताऱ्यात पोचली की वर तीन आणि खाली पाच व्हायची. तात्यांनी आधी रस्त्याला दोष दिला. सांगलीहून पेठनाक्यापर्यंतच्या खड्ड्यांबद्दल वर्षानुवर्षं सगळ्या जिल्ह्यानं तोंडसुख घेतलंय, तात्यांनीही घेतलं. पुढं कऱ्हाडमार्गे घरापर्यंत ते पस्तीसच्या वर काटा जाऊ देत नव्हते. तरी वर तीन, खाली पाच. फोन लागला.

'मिस्त्री, पुन्हा गेली.'

'तात्या, गाडी उभी कुठं हाय?'

'कुठं म्हणजे? माझ्या पोर्चमध्ये.'

'मग पोर्च बघा की. आमच्यात कृष्णाकाठची जमीन, पाटासारखी सपाट. तुमचा सातारा सगळा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. एक चाक खाली, एक वर. चासी पिळणार न्हाई तर काय हुईल?'

हे तात्यांच्या वर्मी लागलं. साताऱ्याची जमीन सपाट नाही असं सांगलीच्या माणसानं सांगावं! त्यांनी खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून डंपी लेव्हल आणली, पोर्चमध्ये तिपाई रोवली, काकूंना पट्टी धरून उभं केलं आणि चारी चाकांच्या जागा मोजल्या. उजवं मागचं चाक अठरा मिलिमीटर खाली. मिस्त्रीचं बरोबर निघालं, म्हणून तात्यांनी पोर्च फोडला. गवंडी आला. त्याला पाणी वाहून जायला उतार लागतो, तात्यांना नको होता. या वादात एक पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात पोर्चमध्ये घोट्याएवढं पाणी होतं आणि गाडीखाली बेडूक. गाडीच्या फटी मात्र चार मिलिमीटर.

पुढं भाराचा प्रश्न आला. उघडी गाडी रिकामी जुळवली तर माणसं बसल्यावर बिघडते, म्हणून माणसं बसवूनच जुळवली पाहिजे. दिवाळसणाला आलेले जावईबापू डाव्या सीटवर बसवले गेले आणि तात्या कांडी घेऊन दाराभोवती फिरू लागले. जावई मितभाषी आहेत. दोन तासांनी त्यांनी फक्त पाणी मागितलं. फटी सुंदर जमल्या. पण नंतर अधिक महिना आला, काकूंनी जावयाला अनारशांचं वाण दिलं, धोंड्याचं जेवण घातलं, आणि पुढच्या खेपेस डावं दार पुन्हा वर घासलं. तात्यांनी लेकीला फोन करून जावयाचं वजन विचारलं. लेकीला वाटलं तब्येतीची काळजी आहे.

कोयनेला धक्का बसला की सातारकर रिश्टर स्केल विचारतात. तात्या खाली जाऊन कांडी फिरवतात.

गाडी चालवता का, असं त्यांना कुणी विचारू नये. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणी मालिका काढली. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. हा नियम वाचून तात्यांना इतकं समाधान झालं, की सरकारनं आपलं काहीतरी ऐकलं असं ते पहिल्यांदाच म्हणाले. एकच अडचण होती. गाडी मूळ रूपात असावी, मोठे बदल नसावेत, अशीही अट आहे, आणि टप तर सांडग्यांखाली. तात्यांचा युक्तिवाद तयार आहे: टप काढणं हा बदल नव्हे, टप काढता यावा हेच मूळ रूप.

शेवटी मिस्त्रीच साताऱ्याला आला. पोर्च बघितला, बेडूक बघितले आणि म्हणाला, 'तात्या, या गावात खरी सपाट जागा एकच. उसाचा काटा.'

कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी गेली तेव्हा गळीत हंगाम सुरू होता. मागं दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर उभे. शेतकरी काट्यावर काटामारीचा संशय घेतात. तात्यांनी केबिनच्या खिडकीत डोकं घालून एवढंच विचारलं, की प्लॅटफॉर्म चारी कोपऱ्यांत एका पातळीत आहे का. काटेवाला म्हणाला, 'काका, ऊस कुठंय?' जावईबापू डाव्या सीटवर समोर बघत बसले होते. मिस्त्रीनं चार बोल्ट ढिले केले, दोन चकत्या सरकवल्या, आवळलं. तात्यांनी कांडी फिरवली. वर चार, खाली चार, मागं चार, पुढं चार. पुन्हा फिरवली. मागून भोंगे सुरू झाले, कुणीतरी घरच्यांचा उद्धार केला. तात्या हलेनात. इथून गाडी उतरली की पुढचं चाक खाली जाणार, हे त्यांना दिसत होतं.

'आता काय करायचं, मिस्त्री?'

'आता काटाच घरी न्या.'

तात्या पुन्हा केबिनच्या खिडकीशी गेले आणि काट्याची किंमत विचारू लागले.