नेट बांधणारी माणसं

व्हॉलीबॉल मुळात ख्रिस्ती तरुणांच्या मंडळात जन्मला, हे आमच्या तलवाड्यात सांगितलं तर पोरं फार तर म्हणतील, "असंल. पण सर्व्हिस कुणाची?" त्वरितादेवीच्या या गावात फक्कीनं रेघा मारून, दोन लोखंडी पाइपांना नेट ताणून संध्याकाळी जो आरडाओरडा चालतो, त्यात इतिहासाला शिरायला जागाच नसते.

ते मंडळ काढणारा जॉर्ज विल्यम्स हा शेतकऱ्याचा पोरगा. लंडनला कापडदुकानात कामाला लागला. दिवसभर तागे उचला, रात्री दुकानातल्याच नोकरांबरोबर दाटीवाटीनं झोपा. काम सुटल्यावर जायचं कुठं, तर गुत्त्यात. ६ जून १८४४ ला तो आणि आणखी अकराजण प्रार्थना आणि बायबल-वाचनासाठी एकत्र आले. तेच हे ख्रिस्ती तरुणांचं मंडळ, वायएमसीए. १८७५ मध्ये ती मुंबईतही निघाली.

पण नुसत्या प्रार्थनेवर तरणी पोरं किती दिवस टिकणार? भजनी मंडळ चालवलेल्या कुणालाही विचारा. मग तालीम आली, खेळ आले. १८९१ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल निघाला. त्यातली पळापळ मध्यमवयीन व्यापारी सभासदांना झेपेना, म्हणून १८९५ मध्ये तिथल्याच होल्योक गावच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गननं मधे नेट बांधलं. तुम्ही तिकडं, आम्ही इकडं, धक्काबुक्की नाही. म्हणजे हा खेळ निघाला शेठजींसाठी! आमची पोरं बॉलमागं झेपावून कोपरं सोलून घेतात, ते मॉर्गननं पाहिलं असतं तर नेट गुंडाळूनच घरी गेला असता. आधी त्यानं बास्केटबॉलचा नुसता ब्लॅडर उडवून पाहिला. तो भलताच हलका. अख्खा बॉल घेतला, तर जड. शेवटी खास बॉल करून घ्यावा लागला.

आपल्याकडं १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएतर्फे शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथं शिकलेले मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून कुठं कुठं गेले. प्रार्थना मागं राहिली, बॉल पुढं आला. एखाद्या पाद्रीबाबांना याची हळहळ वाटली असेल. मला मात्र विल्यम्सचं खरं काम वेगळंच वाटतं: परगावी आलेल्या पोराला संध्याकाळी जायला एक ठिकाण दिलं.

आमची हीच पोरं उद्या चाकण-रांजणगावला कंपनीत जातील. बारा तासांची शिफ्ट, एका खोलीत सहा-सातजण, आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइल. तेव्हा निवडणूक आली की गावात नवं नेट वाटणाऱ्या पुढाऱ्यांना एकच विनंती: पुढचं नेट चाकणला बांधा. तुमचे निम्मे मतदार तिथंच सापडतील.