पगाराचा रकाना रिकामा का?

गिअरबॉक्स का घुरघुरतोय, सर्व्हर मध्यरात्री का बसला, बीममध्ये सळई किती घालायची, हे सगळं इंजिनिअरला आज मोबाइलवर सापडतं. सापडत नाही ते एवढंच, की समोरच्या जाहिरातीतली नोकरी खरोखर शिल्लक आहे का आणि तिचा पगार किती.

कामाची माहिती खुली झाली, नोकरीची माहिती कुलपातच राहिली. आणि हे कुलूप कुणीतरी मुद्दाम लावलेलं आहे.

आधी खुल्या दाराचं बोलू. तालुक्याच्या गावातली एखादी साइट डोळ्यांसमोर आणा. स्लॅब भरून आठ दिवस झालेत. ठेकेदाराला प्लेटा आणि टेकू पुढच्या कामावर न्यायची घाई. "मॅडम, सेंट्रिंग खोलतो." समोर वर्षभराच्या अनुभवाची साइट इंजिनिअर. ती मोबाइलवर काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, उघडते. २००० सालची आवृत्ती, कलम ११.३.१. सिमेंट साधं ओपीसी, स्लॅबचा गाळा साडेचार मीटरहून मोठा, म्हणजे टेकू किमान १४ दिवस ठेवायचे. ती स्क्रीन ठेकेदारापुढे धरते आणि म्हणते, "अजून सहा दिवस. तोवर एकही टेकू हलणार नाही." ठेकेदार वयानं मोठा, पैशानं मोठा, गावात वजन असलेला. तरी त्याला गप्प बसावं लागतं, कारण आकडा लिहिलेला आहे आणि तो दोघांनाही सारखाच दिसतो.

हा आकडा तिच्या हाती सहज आलेला नाही. भारतीय मानकं पूर्वी पैसे मोजून घ्यावी लागत. कार्ल मालमूद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेनं ती इंटरनेटवर टाकली, ती सर्वांना खुली असावीत म्हणून २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आज भारतीय मानक ब्यूरोच्याच संकेतस्थळावर नोंदणी केली की बहुतेक मानकं फुकट उतरवून घेता येतात. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं एनपीटीईएल सुरू केलं. ज्याला आयआयटीचं फाटकही दिसलं नव्हतं, त्याला तिथल्या प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या ऐकता आली. २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आलं आणि जगभरच्या प्रोग्रामरांनी अनोळखी माणसांच्या अडचणी फुकटात सोडवल्या. ज्याला ठाऊक होतं त्यानं सांगितलं, आणि चारचौघांना तपासता येईल अशा ठिकाणी सांगितलं.

आता नोकरीच्या दाराकडे या.

१९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं, २००३ मध्ये लिंक्डइन. जळगावच्या मुलाला चाकणच्या जागेची खबर त्याच दिवशी मिळू लागली. ही मोठीच सोय झाली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण खबर आली ती अर्धी.

एखादा अर्ज भरायला घ्या. रेझ्युमे अपलोड करा. मग त्याच रेझ्युमेतलं सगळं पुन्हा एकेका रकान्यात टाइप करा. सध्याचा सीटीसी? सक्तीचा रकाना. अपेक्षित सीटीसी? सक्तीचा. नोटीस पिरियड? सक्तीचा. पुढे बोलावणं आलंच तर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा. आणि जाहिरातीत कंपनीनं भरायचा पगाराचा रकाना? 'जाहीर केलेला नाही.'

उमेदवारानं सगळं उघडं करायचं, कंपनीनं काहीच नाही. याला सौदा म्हणत नाहीत.

आणि हे लपवणं फुकट जात नाही, त्याचे पैसे होतात. नव्या जागेचा पगार कामाच्या मोलावर ठरण्याऐवजी 'सध्या किती मिळतात, त्यावर इतके टक्के' असा ठरतो. गरजेपोटी पहिल्या नोकरीत कमी पगारावर रुजू झालेला मुलगा पुढच्या प्रत्येक नोकरीत त्या पहिल्या आकड्याचा भुर्दंड भरत राहतो. काम तेच, टेबल शेजारचं, पगार निम्मा. शेजारच्याला किती मिळतात हे त्याला कळू नये, यावरच हा सगळा हिशेब उभा आहे.

जागा खरी आहे का, हा दुसरा प्रश्न. तीच जाहिरात महिन्यामागून महिने ताजी होऊन वर येत राहते. जागा कधीच भरलेली असते, कधी मंजूरच झालेली नसते, कधी पुढेमागे लागतील म्हणून नुसते रेझ्युमे गोळा करून ठेवायचे असतात. उमेदवाराला यातलं काही कळायला मार्ग नाही. म्हणून कितीतरी मुलं रोज सकाळी प्रोफाइलमधल्या एका ओळीचा पूर्णविराम काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घालतात, कारण ताजं प्रोफाइल रिक्रूटरच्या यादीत वर दिसतं असं त्यांना सांगितलेलं असतं. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाइन शिकलेल्या माणसाला आपण एका पूर्णविरामाच्या भरवशावर सोडलं आहे. दोष त्याचा नाही.

जाहिरात जितकी मोघम, तितकी ओळख महाग. जाहिरातीवर विश्वास उरला नाही की सगळे रेफरलच्या मागे लागतात. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजच्या मुलाकडे हिंजवडीत बसलेले दहा सीनियर असतात. ते आतून सांगतात: ही जागा खरी आहे, बजेट इतकं आहे, इतके माग. हिंगोलीच्या पॉलिटेक्निकमधून आलेल्या मुलीला हे सांगणारं कुणी नसतं. इंटरनेटनं वशिल्याची गरज संपवायला हवी होती. आपण त्याच इंटरनेटवर वशिल्याला बटण करून दिलं.

याच अंधारात चोर फिरतात. कुणी 'रजिस्ट्रेशन फी' मागतो, कुणी लॅपटॉपचं डिपॉझिट. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला: थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी देतो म्हणून आयटीचं कौशल्य असलेल्या भारतीय तरुणांना समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनी भुलवलं जात होतं आणि बेकायदा सीमेपार म्यानमारमध्ये नेऊन कोंडलं जात होतं. शिकलेली मुलं कशी फसली, असं विचारणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. खऱ्या जाहिरातीतही पगार, पत्ता, पदांची संख्या नसेल, तर खोटी जाहिरात ओळखायची कशावरून? (परदेशातल्या नोकरीसाठी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, ती आधी पाहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.)

हे सगळं अटळ आहे असं कुणी सांगू लागलं, तर त्याला १९५९ चा कायदा दाखवा. रिक्त पदं सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा तो कायदा २५ किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनाही लागू होता. त्याच्या १९६० च्या नियमांत कामाचं स्वरूप, पात्रता, पदांची संख्या, पगार-भत्ते, कामाचं ठिकाण आणि पद कधीपर्यंत भरणार, हे सारं लिहून देणं होतं. पाळणारे किती होते हा प्रश्न आहेच. पण काय विचारायचं हे सरकारला साठ वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि रिक्त पदं कळवण्याची तरतूद तिथंही आहे. मग तेच रकाने ऑनलाइन जाहिरातीला का लावत नाही?

इतरांनी लावले. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत पगाराचा पल्ला द्यावा लागतो, जागा खरोखर रिकामी आहे का ते लिहावं लागतं आणि मुलाखत घेतलेल्यांना ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला त्याचा आधीचा पगार विचारायलाच मनाई आहे. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिलेली आहे.

लांब जायचीही गरज नाही. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या २०२३ च्या भरतीत कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी छापलेली होती: एस-१४, ३८,६०० ते १,२२,८००. पदं किती, तेही छापलेलं होतं. सरकारी भरतीच्या दिरंगाईबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण अर्ज कशासाठी करतोय, हे तिथं अर्जदाराला आधी कळतं.

कंपन्यांचं म्हणणं ठरलेलं आहे: पगार जाहीर केला तर जुने कर्मचारी नाराज होतील. नाराज होतील याचा अर्थ त्यांना कमी मिळतंय. मग दुरुस्ती पगारपत्रकात करा, जाहिरातीतला आकडा कशाला झाकता?

मागणी साधी आहे. प्रत्येक जाहिरातीत पगाराचा पल्ला आणि पद भरण्याची तारीख. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला उत्तर. जुन्या सॅलरी स्लिपा मागणं बंद. कामगार खात्यानं नियम करावा. पोर्टलवाल्यांनी तर नियमाची वाटही पाहू नये, उमेदवाराचा सीटीसी सक्तीचा करता येतो तसा कंपनीचाही करता येतो. आणि आज जे इंजिनिअर मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसतात, त्यांनी एचआरला पहिला प्रश्न हाच विचारावा: पगाराचा रकाना रिकामा का? आपल्यालाही कुणीतरी फुकटात शिकवलं होतं, त्याची परतफेड इथं करता येते.

जागा मंजूर होते तेव्हाच तिचं बजेट लिहिलेलं असतं. तो आकडा जाहिरातीत उतरवायला एक ओळ लागते. ती ओळ सक्तीची करा.