पूर्वीचे नाना

नानांना काहीही दाखवा, ते त्यांनी आधी पाहिलेलं असतं आणि तेव्हा ते जास्त चांगलं असतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पूर्वी गोड होती, डेक्कन क्वीनचं आम्लेट पूर्वी जाड होतं, आणि पाऊस तर पूर्वीच पडायचा. एलटीसीवर एकदा अंदमान करून आलेले नाना सोसायटीच्या ग्रुपबरोबर पुन्हा निघाले, तेव्हाच आम्ही ओळखलं, की सेल्युलर जेलच्या भिंतीसुद्धा आता बुटक्या निघणार. निघाल्या.

वंडूरच्या धक्क्यावर वनखात्याचा माणूस पिशव्या तपासत होता. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान इथून सुरू होतं. १९८३ सालापासून राखलेलं, सुमारे २८१ चौरस किलोमीटरचं. आत प्लास्टिकला बंदी. नानांच्या पिशवीतून चिवड्याच्या, शेवेच्या, आणि कशाच्या हे काकूंनाही न आठवणाऱ्या पुड्या निघत राहिल्या. "पूर्वी असलं काही नव्हतं," नाना म्हणाले. तपासणारा मुकाट्याने पुड्या बाजूला ठेवत होता.

जॉली बॉय बेटाच्या किनाऱ्याला मोठी बोट लागत नाही. वाटेत काचेच्या तळाच्या होडीत उतरावं लागतं. काचेतून पाहून नानांचं समाधान होईना, म्हणून स्नॉर्केलिंग ठरलं. स्नॉर्केलची नळी दातांत धरावी लागते आणि ती धरली की बोलता येत नाही, हे कळताच काकूंनी स्वतःच्या पर्समधून पैसे काढून दिले.

नाना लाइफ जॅकेट घालून, गाइडच्या हाताला धरून तरंगत गेले आणि बऱ्याच वेळाने वर येऊन नळी काढून गरजले, "कसला रंग राहिलाय! पूर्वी नुसती बाग होती इथे!"

आम्ही कपाळाला हात लावणार, तोच गाइड म्हणाला, "सही बोला सर."

आणि त्याने सांगितलंच सगळं. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न पुरवतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं, की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. १९९८ साली इथे तसं झालं, २०१०च्या उन्हाळ्यात तर फारच. काही प्रवाळ सावरले, फांद्यांचे बरेच मेले.

नाना गप्प. आयुष्यभरात त्यांचं म्हणणं कुणी पुराव्यानिशी मान्य केलं नव्हतं. त्यांची सगळी मांडणी समोरच्याच्या विरोधावर उभी. तो आधारच कुणीतरी काढून घेतला.

"तसं अगदीच काही वाईट नाही हं," ते जरा वेळाने म्हणाले. "तो निळा पोपटमासा केवढा होता! आणि समुद्रफुलात लपलेली ती जोडी! एवढं पूर्वी दिसलं नव्हतं."

"ये भी सही है सर," गाइड म्हणाला.

नाना माझ्याकडे वळले. "कसला गाइड नेमलाय हा? कशालाच नाही म्हणत नाही!"